सी सर्टिफिकेटवर रायफल मिळत नाही

मुंबईतल्या माजी एनसीसी कॅडेटांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. सारांश असा : लष्कर एनसीसीच्या जुन्या पॉइंट टू-टू (०.२२ इंची नळीच्या) रायफली मोडीत काढतंय, सी सर्टिफिकेटवाल्यांना, म्हणजे एनसीसीचं सर्वांत वरचं प्रमाणपत्र असलेल्यांना, त्या नाममात्र किमतीत मिळतील. पॉइंट टू-टूला लायसन्स लागत नाही. पन्नास वर्षं जुनी असेल तर ती अँटिक. एअरगनसारखीच निरुपद्रवी, पण घरात असली की चोर फिरकत नाही. परदेशात लोक खुशाल घेतात. आणि शेवटी, नेमबाज स्वप्नील कुसाळेचं ऑलिंपिक पदक याच बोअरवर (नळीच्या मापावर) आलं, मग तुम्ही का मागे?

खाली ‘जय हिंद’ आणि तीन तिरंगे. त्यामुळे कुणी शंका घेत नाही. उलट ‘फॉर्म कुठे भरायचा?’ असं विचारणारे दहा जण निघतात.

आधी मोडीचं पाहू. बटालियनच्या कोतातली, म्हणजे शस्त्रागारातली, रायफल सरकारी मालमत्ता असते. फायरिंगच्या दिवशी रजिस्टरात सही करून ती बाहेर येते, संध्याकाळी मोजून आत जाते. फायरिंग संपल्यावर रेंजवर वाकून काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचल्याचं कुठल्याही कॅडेटला आठवत असेल. त्या पुंगळ्यासुद्धा मोजून परत द्याव्या लागतात. जिथे पितळेच्या टोपणाएवढ्या पुंगळीचा हिशेब द्यावा लागतो, तिथली अख्खी रायफल कुणाला प्रमाणपत्रावर मिळेल, हे कोताच्या दारात एकदा उभं राहिलेल्या माणसाने तरी मानू नये. सी सर्टिफिकेटचे फायदे खरे आहेत, सैन्याच्या अधिकारीभरतीत त्याचा उपयोग होतो. शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यात नाही.

लायसन्सचा मुद्दा जरा सविस्तर घेतो, कारण थाप इथे पूर्ण हवेतली नाही. कायद्याचं एक खरं कलम अर्धवट वाचून ती तयार झाली आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या तिसऱ्या कलमात, एका माणसाकडे किती बंदुका असाव्यात यावर मर्यादा आहे. पूर्वी तीन होती, २०१९च्या दुरुस्तीने दोन झाली. त्याच कलमात पुढे म्हटलंय की केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या रायफल क्लबचा सदस्य नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू-टू किंवा एअर रायफल वापरत असेल, तर ही मर्यादा त्याला लागू नाही. सूट आहे ती संख्येपुरती. परवाना लागतोच. कुणीतरी ‘लागू नाही’ एवढेच दोन शब्द उचलले आणि पुढे ढकलले.

याच कायद्याच्या तेराव्या कलमात अशा क्लब-सदस्याला सरावासाठी पॉइंट टू-टूचा परवाना द्यावा अशी तरतूद आहे. म्हणजे दार आहे, पण ते क्लबमधून उघडतं, कॉलेजच्या एनसीसी रूममधून नाही. मुंबईत परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांचा. अर्ज, पोलीस चौकशी, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण, घरी ते कुलुपात ठेवण्याची सोय, हे सगळं आलं. शिवाय वय २१ पूर्ण हवं. नुकतंच सी सर्टिफिकेट हातात पडलेली बरीच मुलं या अटीतच अडकतील. विनापरवाना रायफल सापडली तर २०१९नंतर शिक्षा किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच, वर दंड. फॉरवर्ड करणारा तेव्हा जामीन राहायला येत नाही.

‘पन्नास वर्षांची की अँटिक’ हा निकष कायद्यात नाहीच. सूट आहे ती जुन्या धाटणीच्या किंवा मोडक्या हत्याराला, आणि तेही दुरुस्ती केली वा न केली तरी ज्यातून गोळी सुटूच शकणार नाही अशाला. एनसीसीतली जुनी लीएन्फील्ड पॉइंट टू-टू शंभरीला आली तरी बोल्ट ओढून चाप दाबला की वाजते. विषय संपला.

आता निरुपद्रवीपणाकडे. विनापरवाना मिळणारी एअरगन पॉइंट वन-सेव्हन-सेव्हनची, २० ज्यूलच्या आतली. पॉइंट टू-टू लाँग रायफलची साधी गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास वजनाची, नळीतून सुटताना ऊर्जा १३०-१४० ज्यूल. सहा-सात पट! पंचवीस यार्डांवर आपण ती मारली म्हणून ती पंचवीस यार्डांवर थांबत नाही. नळी वर असेल तर किलोमीटरच्या पुढे जाते. ‘कर्जतच्या फार्महाऊसवर बाटल्या उडवू, खाडीत मारू’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की शिशाची ही गोळी पाण्यावरून आणि दगडावरून सर्रास उसळते, आणि कुठे जाईल ते सांगता येत नाही. रेंजवर मागे मातीचा उंच बांध घालतात तो याचसाठी. पक्ष्यांवर नेम धरायचा म्हणाल तर १९७२चा वन्यजीव कायदा आहेच.

चोराचं तर हसूच येतं. जिना अंधारा, खोलीत सात माणसं, पलीकडे लाकडी पार्टिशन, आणि चार किलोची, हातभर नव्हे तर चांगली पावणेचार फूट लांब रायफल. कपाटातून काढून, गोळी घालून, वळवेपर्यंत चोर पुढच्या स्टेशनला उतरलेला असेल. शिवाय नेमबाजीच्या सरावासाठी दिलेला परवाना घरच्या पहाऱ्यासाठी नसतो.

परदेशाचं अर्धसत्य आहे. अमेरिकेत सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम नावाची संस्था लष्कराच्या जुन्या रायफली नागरिकांना विकते, त्यात सरावाच्या पॉइंट टू-टूही विकल्या गेल्या. ते त्यांच्या कायद्यात. या रायफलीचं माहेर ब्रिटन, तिथे मात्र पॉइंट टू-टू घ्यायची तर पोलिसांचं फायरआर्म सर्टिफिकेट लागतं.

राहिलं पदक. कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं, बोअर पॉइंट टू-टू, हे खरं. पण बोअर एक म्हणजे हत्यार एक नव्हे. लष्करी सरावाची रायफल नेमबाजीच्या स्पर्धेसाठी बनलेलीच नाही. थ्री-नॉट-थ्री या मोठ्या लष्करी रायफलीच्या महाग काडतुसांऐवजी स्वस्तात, छोट्या रेंजवर हात बसावा, पण वजन, बोल्ट आणि नेम धरायची साइट खऱ्या रायफलीचीच वाटावी, हा तिचा हेतू. म्हणून जुन्या मॉडेलात थ्री-नॉट-थ्रीचं धूड तसंच ठेवून आत बारीक नळी बसवलेली. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा डबा, दिसतं, पण स्प्रिंग काढलेलं. गोळी एकेक हाताने सरकवायची, आणि सुटलेली पुंगळी त्या रिकाम्या डब्यात पडते. चाप जड, साइट उघडी. मला ती रायफल मनापासून आवडते, श्वास रोखून चाप हळू दाबायला तिच्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही. पण ५० मीटरवरच्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या गुंडीएवढं. तिथे बारीक भोकातून पाहायची पीप साइट, हलका चाप आणि आपल्या खांद्याच्या मापाला जुळवता येणारा दस्ता लागतो.

त्यात कोतातल्या जुन्या रायफलीवर वर्षानुवर्षं गोळी न घालता रिकामा चाप ओढलेला असतो. पॉइंट टू-टूमध्ये पिन काडतुसाच्या कडेवर बसते. काडतूस नसेल तर ती थेट चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीच्या, काठावर आदळते, तिथे चरा उठतो, मग पुंगळी अडकायला लागते. आपल्या जुलै-ऑगस्टच्या दमटपणात कापडी कव्हरमध्ये ठेवली की गंज वेगळा.

ऑलिंपिक नेमबाज अंजली भागवत दादरच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीत होती, तिथूनच ती नेमबाजीकडे वळली. म्हणजे एनसीसीतून वाट जाते, पण रेंजकडे. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, तिथे जाऊन चौकशी करा. सुरुवात बहुधा दहा मीटरवरच्या एअर रायफलनेच होते, आणि तीही लगेच विकत घ्यायची घाई करू नका. आधी क्लबमधली वापरायला मिळते का ते विचारा.