पेशंट संशोधनात बसून काय करणार? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

मानसिक आजार आणि व्यसन यांवरच्या संशोधनात त्यातून गेलेली माणसं टीममध्येच हवीत, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भोगलेला माणूस स्वतःच्या अनुभवात अडकलेला असतो, त्याच्याकडून तटस्थपणा कसला मागता, त्याने उत्तरं द्यावीत, प्रश्न अभ्यासकांनी काढावेत. वर 'उद्या कॅन्सरचे पेशंट केमोचा डोस ठरवतील' हा टोला. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलंय म्हणता, तर मोजमापाचंच बोलू.

व्यसनमुक्तीच्या एका अभ्यासाची प्रश्नावली ठरत होती. पहिलाच प्रश्न, 'गेल्या तीस दिवसांत किती दिवस दारू घेतलीत?' विचारायचा डिस्चार्जच्या दिवशी. टीममधले एक काका, दारू सुटून बरीच वर्षं झालेले, आता कौन्सेलर. कागद वाचून म्हणाले, "मॅडम, तीस दिवस तो वॉर्डातच आहे की. शून्य लिहिणार. सगळे बरे झाले म्हणून रिपोर्ट द्या आणि मोकळ्या व्हा." हशा पिकला. मग म्हणाले, "आणि बायको शेजारी बसलेली असणार. बॅग भरलेली, रिक्षा खाली थांबलेली. त्या वेळी आम्ही आईची शपथ घेऊन काहीही सांगतो." पेगच्या रकान्यावरही त्यांनी काट मारली. गुत्त्यावर तिघांत क्वार्टर फोडणारा पेग मोजत नाही, पण खिशातून किती गेले ते त्याला बरोब्बर आठवतं. प्रश्न बदलले, विचारायची वेळ बदलली, खोलीही बदलली. यात भावना कुठे आली, सर?

आता तटस्थपणाकडे. शॉक ट्रीटमेंट, म्हणजे ईसीटीबद्दल पेशंटना काय वाटतं, याचा आढावा डायना रोझ आणि सहकाऱ्यांनी २००३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापला. आढावा घेणाऱ्यांत स्वतः ईसीटी घेतलेलेही होते. डॉक्टरांनी केलेले २६ अभ्यास आणि पेशंटनी केलेले किंवा त्यांच्या सहभागाने झालेले ९, असे त्यांनी शेजारी-शेजारी ठेवले. डॉक्टरांच्या अभ्यासांत समाधानी पेशंट जास्त, दुसरीकडे कमी. कारणं शोधली तर मुलाखत उपचारानंतर किती दिवसांनी घेतली, कुठे घेतली, किती खोलात जाऊन विचारलं, यांवर उत्तर हलत होतं. ज्याने शॉक दिला त्यालाच, त्याच्याच दवाखान्यात, 'तुमच्यामुळे माझी आठवण गेली' असं कोण सांगेल? आपल्याकडे तर डॉक्टरसाहेबांसमोर खुर्चीत नीट टेकूनही बसत नाहीत लोक. किमान एक तृतीयांश पेशंटनी स्मृती कायमची गेल्याचं सांगितलं होतं, हेही त्याच आढाव्यात आहे. तुम्ही लगेच म्हणाल की पेशंटच्या अभ्यासांत नाराज लोकच गोळा झाले असतील. असतीलही! पण मग कल दोन्हीकडे आहे, आणि तुम्ही एकाच बाजूला तटस्थ म्हणता आहात.

केमोचा डोस कुणी मागत नाहीये. 'बरा झाला' कशाला म्हणायचं, एवढं ठरवताना त्याला विचारा. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये व्यसनातून सावरणाऱ्यांच्या मदतीने २१ विधानांची एक मोजपट्टी तयार केली. तीत पिणं आहेच, पण झोप, जेवण, राहायची जागा, उत्पन्न, लोकांशी नातं हेही आहे. रिपोर्टमध्ये फक्त 'सोबर आहे / स्लिप झाली', म्हणजे पीत नाही की पुन्हा प्यायला, एवढाच रकाना असला की हे सगळं बाहेर राहतं.

पुण्याला तर यात नवल वाटायचं कारण नाही. १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालेल्या 'मुक्तांगण' या व्यसनमुक्ती केंद्राने बरे झालेल्या पेशंटनाच कामाला घेतलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही आजारातून गेलेल्यांचे प्रतिनिधी राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर घ्यायला सांगितलं आहे.

तुमच्या एका मुद्द्यात मात्र दम आहे: बोलावलं जातं ते नीट बोलणाऱ्यालाच. ज्याला घरचे वर्षानुवर्षं न्यायला येत नाहीत तो बैठकीला कसा येणार? खरं आहे. तेच-ते दोन चेहरे सगळ्या समित्यांवर फिरवायचे आणि 'सहभाग झाला' म्हणायचं, हे मलाही खपत नाही. पण त्यावर इलाज म्हणजे वॉर्डात जाऊन विचारणं. ते दोघेही काढून टाकणं नव्हे.

मानधनाचं तुम्ही लिहिलंत, की व्यसनी माणसाच्या हातात पैसे दिले तर तो सरळ बारमध्ये जाईल. फील्डवरच्या पोरांना पगार देताना ते कुठे जातात, विचारतो का आपण? शाल-श्रीफळावर दिवसभर राबवायचं, ही पुण्याची जुनी सवय आहे; ती इथे नको.

राहिलं विश्लेषण. तिथे भोगलेल्याचा हात लागू नये, असं तुमचं मत. कुणाला कोणता उपचार मिळाला हे झाकून ठेवलं, आणि आकडे चालवणाऱ्याला फक्त गट 'अ' आणि गट 'ब' एवढंच ठाऊक असेल, तर तो पूर्वी दारू प्यायचा की औषधं लिहून द्यायचा, याने उत्तरात काय फरक पडतो, ते तुम्हीच सांगा.