पोटरीला गरम पिशवी लावण्याआधी हे वाचा

‘चालताना पोटरी दुखते? नस ब्लॉक आहे! सात दिवसांत विनाऑपरेशन उघडा’ हा मेसेज सध्या आमच्या नात्यागोत्यातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातले उपाय असे: चालणं बंद करा, रात्री पाय दोन उशांवर ठेवा, पोटरीला आणि तळव्याला गरम पाण्याच्या पिशवीनं शेक द्या, लसूण-आलं-लिंबू आणि सफरचंदाच्या व्हिनेगरचा काढा उपाशीपोटी घ्या. आणि दवाखान्यात जाऊ नका, कारण तपासणी म्हणजे अँजिओग्राफी, अँजिओग्राफी म्हणजे स्टेंट. माझ्या मामांनी हा मेसेज पुढं तर पाठवलाच, वर स्वतःवर प्रयोगही सुरू केला. मामांना कित्येक वर्षांची शुगर आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी शेकाचं, कारण यात पाय जाऊ शकतो. पायाच्या रक्तवाहिनीत चरबी आणि कॅल्शियमचा थर साचून वाट अरुंद होते, त्याला पेरिफेरल आर्टरी डिसीज म्हणतात. पायाला मुळातच रक्त कमी पोचत असतं. शेक दिला की तिथल्या पेशींना जास्त रक्त लागतं, आणि ते येणार कुठून? त्यात शुगरमुळं तळव्याची जाणीव गेलेली असेल, तर पिशवी किती गरम आहे हेच कळत नाही. सकाळी फोड दिसतो. धडधाकट माणसाचा फोड चार दिवसांत सुकतो, पण जखम भरायला लागणारं रक्तच या पायात पोचत नाही. जखम चिघळते, काळी पडते, आणि मग बोट काढायचं की पाऊल एवढाच प्रश्न उरतो. कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्यानं अंगठ्याला पडलेली साधी जखम सुद्धा अशा पायात महिनोन्‌महिने भरत नाही, तिथं भाजल्याचं काय घेऊन बसलात? मामांना म्हटलं, ‘‘मामा, ती पिशवी आधी बाजूला ठेवा.’’ ते म्हणाले, ‘‘काय न्हाई रं, बरं वाटतंय.’’ बरं वाटणारच. भाजलेलं कळत नाही, हीच तर भीती आहे.

पाय उशीवर ठेवण्याचा सल्ला फुगलेल्या निळ्या शिरांच्या आणि सुजेच्या आजारातला आहे, तिथं तो योग्यही आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं तो उचलून इथं चिकटवला. रक्तवाहिनी अरुंद असलेल्या माणसाचा पाय उंच केला की घोट्यापर्यंत पोचणारा दाब आणखी कमी होतो. आजार वाढलेली माणसं रात्री पाऊल ठणकायला लागलं की उठून पाय कॉटखाली सोडून बसतात आणि तेव्हाच त्यांना आराम पडतो. घरात कुणी असं बसत असेल, तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठा.

‘चालणं बंद करा’ हे तर सरळ उलटं आहे. अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या दोन मोठ्या संस्थांनी, एसीसी आणि एएचएनं, 2024 साली या आजारावर मार्गदर्शिका काढली. देखरेखीखालचा चालण्याचा व्यायाम हा त्यात ठामपणे सांगितलेला उपचार आहे. पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा चालायचं. एका वेळी 30 ते 45 मिनिटं, आठवड्यातून किमान तीनदा, निदान 12 आठवडे. मात्र पायावर जखम असेल किंवा बसल्या जागी दुखत असेल, तर आधी डॉक्टर, मग चालणं.

काढ्यावर फार शब्द खर्च करत नाही. लसूण चटणीत खा, कोण नको म्हणतंय? पण भिंतीत बसलेला थर लसूण-व्हिनेगरनं विरघळत नाही, आणि काढ्याच्या भरवशावर कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ करणारी गोळी बंद केली तर धोका हृदयाला आणि मेंदूलाही आहे. पायात साचतं ते तिथंही साचलेलं असू शकतं.

आता तपासणी. ‘‘डॉक्टरकडं गेलं की स्टेंट टाकत्यात बघ,’’ हे मामांचं वाक्य पेठेतल्या प्रत्येक कट्ट्यावर ऐकू येतं. गरज नसताना तपासण्या होतात, हे मलाही नाकारता येणार नाही. पण या आजाराची पहिली तपासणी सुईशिवाय होते. आडवं झोपवतात, दोन्ही दंडांचा बीपी घेतात. मग पट्टा घोट्याच्या वर बांधतात, पावलावर जेली लावून पेनाएवढं डॉप्लरचं यंत्र टेकवतात आणि रक्ताचा सूं-सूं आवाज ऐकत घोट्याचा बीपी मोजतात. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागायचं. दंडाचा 140 आणि घोट्याचा 98 आला तर 0.70. उत्तर 0.90 किंवा त्याखाली असेल तर आजार आहे असं धरतात. जुन्या शुगरवाल्यांच्या रक्तवाहिन्या कडक होऊन आकडा खोटाच मोठा, 1.40 च्या वर येऊ शकतो, तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. अँजिओग्राफीचा विषय फार पुढचा आहे, आणि कित्येकांना तिची गरजच पडत नाही.

ही तपासणी सरसकट सगळ्यांनी करावी असं नाही. पाय दुखला म्हणजे ब्लॉकेजच, हेही खोटं. कमरेत नस दबल्यानं पाय दुखत असेल तर नुसतं उभं राहून थांबत नाही, बसल्यावर किंवा पुढं वाकल्यावर बरं वाटतं. रक्त कमी पडत असेल तर ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळते आणि उभ्या उभ्या काही मिनिटांत मोकळी होते. मामा कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर फिरताना दर थोड्या अंतरावर कठड्याला टेकून ‘पाणी बघत’ उभे राहतात, ते हेच. असं होत असेल, पायावरची जखम भरत नसेल किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा गार लागत असेल, तर तपासून घ्या. त्रास नसला तरी पासष्टी ओलांडलेल्यांनी, आणि पन्नाशीनंतर शुगर किंवा तंबाखू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावं. खाजगी परवडत नसेल तर सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत केसपेपर काढून सर्जरी विभागात दाखवा, आणि मोजे-चप्पल काढून पावलाची नाडी बघायला सांगा.

आणि एवढ्या लांबलचक मेसेजात तंबाखूचा एक शब्द नाही! या आजाराला तंबाखूएवढं खतपाणी घालणारं दुसरं फार थोडं आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पोरांत तर बर्जर नावाचा वेगळा आजार होतो. त्यात हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात आणि तंबाखू पूर्ण सुटल्याशिवाय तो थांबत नाही. निपाणीची तंबाखू शेजारी पिकते, घरोघरी मशेरी भाजली जाते, आणि आपण व्हिनेगर शोधत बसतो.

एक मात्र लगेच ओळखा. पाय अचानक पांढराफटक, गार पडला, खूप दुखायला लागला, बधिर झाला किंवा बोटं हलेनाशी झाली, तर चोळू नका, शेकू नका, सकाळची वाट बघू नका. रक्तवाहिनी पूर्ण बंद झालेली असू शकते आणि पाय वाचवायला हाताशी काही तासच असतात. रात्रीचे दोन वाजले असले तरी 108 ला फोन लावा.