गाडी कुठंही लावा, म्हणे!

उदगीरच्या दाजींचा परवा रात्री साडेदहाला फोन. "अरे, ते हॉटेलं, कॅम्पसाइटा बघायलास ना, ते राहू दे. काही बुक करू नको. युरोपात गाडी कुठंबी लावून राहता येतंय, तसा कायदाच हाय म्हणं. मेसेज टाकलाय, वाच."

तो मेसेज मला आधीच तीन ठिकाणांहून येऊन गेला होता: सोसायटीच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर आणि एका निवृत्त सरांकडून. तेव्हा न वाचता पुसून टाकला. आता घरात शिरला म्हटल्यावर वाचावा लागला. 'युरोपात हॉटेलवर लाखो रुपये उधळणाऱ्यांनो, डोळे उघडा' अशी सुरुवात. खाली डोंगर, निळं पाणी आणि काठावर एकटीच उभी पांढरी मोटरहोम, म्हणजे आत बेड, चूल, संडास असलेली गाडी. मग मुद्दे. युरोपात 'सर्वांचा हक्क' नावाचा कायदा आहे, त्यामुळे मोटरहोम कुठंही लावून फुकट राहता येतं. कॅम्पसाइटचं, म्हणजे पैसे भरून गाडी किंवा तंबू लावायच्या जागेचं, बुकिंग हा एजंटांचा धंदा आहे. सहा बेडच्या गाडीत सात माणसं आरामात मावतात. संडासाच्या टाकीत औषध असतं, त्यामुळे ती जंगलात किंवा नाल्यात ओतली तरी खतच होतं. आपलं लायसन्स चालतं. खर्च निम्मा. आणि शेवटी, मराठी माणसांपर्यंत पोचवा.

पोचवलाच आहे. दाजी, ताई, दाजींचे आई-वडील, मुलगा, सून आणि चार वर्षांचा नातू असे सात जण मे महिन्यात निघालेत, आणि पंधरा दिवस खपून मी केलेली यादी एका फॉरवर्डनं बाद झाली. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. ज्यांनी ज्यांनी तो मेसेज पुढं ढकललाय, त्यांनी हेही ढकलावं.

आधी तो कायदा. तो हवेतून आलेला नाही, हे कबूल. स्वीडनमध्ये त्याला आलेमान्सरेटेन म्हणतात, आणि १९९४ पासून तिथल्या राज्यघटनेतही त्याचा उल्लेख आहे. दुसऱ्याच्या मालकीच्या रानातून चालत जा, बोरांसारखी रानफळं तोडा, अळंबी गोळा करा, घरांपासून लांब एखादी रात्र तंबू ठोका, कोणी हटकणार नाही. नॉर्वेतही १९५७ चा असाच कायदा आहे. तिथं तंबू राहत्या घरापासून निदान १५० मीटर लांब हवा. हे सगळं खरं. पण ही मोकळीक माणसाला आहे, इंजिनाला नाही. स्वीडनमध्ये १९७५ चा वेगळा कायदा आहे, आणि तो मोटारवाहन रस्ता सोडून उघड्या जमिनीवर घालायलाच बंदी करतो. देशभर. तिथलं सरकारी पर्यावरण खातंच सांगतं की या हक्कात मोटारगाड्या येत नाहीत. स्कॉटलंडचा २००३ चा कायदाही तसाच: चालणाऱ्याला, सायकलवाल्याला, घोडेस्वाराला मुभा, मोटारवाल्याला नाही.

आपल्याकडं हे समजावून सांगायची खरं तर गरज पडू नये. बांधावरून जाणाऱ्या वाटसरूनं मूठभर हरभरा उपटला तर आपण काही बोलत नाही, उलट "बस, हुरडा खाऊन जा" म्हणतो. त्याच माणसानं त्याच हरभऱ्यात ट्रॅक्टर घातला तर? दाजी, तुमच्या शेतात परक्यानं तीन टनाची गाडी आणून लावली आणि "सर्वांचा हक्क" म्हणाला, तर तुम्ही त्याला चहा देणार की काठी काढणार?

शिवाय 'युरोप' नावाचा एकच देश असल्यासारखं त्या मेसेजात लिहिलंय. दाजी चाललेत जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडला. स्वीडनचा कायदा तिथं घेऊन काय करायचं? जर्मनीत एवढीच सवलत आहे की पार्किंगला परवानगी असलेल्या जागी, चालकाचा शीण जावा म्हणून, एक रात्र गाडीत झोपता येतं. झोपता येतं, राहता येत नाही. बाहेर खुर्ची टाकली, छत्री उघडली की ते कॅम्पिंग झालं आणि सवलत संपली. क्रोएशियात असं रानोमाळ राहिलं तर दंड होतो. आइसलंडमध्ये २०१५ पासून गाडीत झोपायचं तर कॅम्पसाइटवर जायचं, नाहीतर जमीनमालकाची परवानगी घ्यायची. फोटोतली ती एकटी गाडी पाच मिनिटं फोटोपुरतीही थांबलेली असू शकते.

आता संडासाची टाकी. हा मुद्दा वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि पाणी प्यायलो.

मोटरहोमच्या संडासाखाली साधारण अठरा-वीस लिटरची कॅसेट असते. गाडीच्या बाहेरून छोटं दार उघडायचं आणि ती बॅगेसारखी ओढून काढायची. मागं आम्ही अशाच गाडीनं तिकडं फिरलो तेव्हा चौघंच होतो, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती भरायची. सात जणांची रोज. तिच्यात जे निळं औषध टाकतात ते वास दाबतं, कारण ते जंतू मारतं. आणि मैल्याचं खत करतात ते जंतूच. ज्यांच्या घरी गोबरगॅस आहे त्यांनी टाकीत एक बाटली फिनेल ओतून बघावं. दोन दिवसांनी चूल पेटली तर मला कळवा. तेच निळं पाणी नाल्यात ओतायचं, आणि वर "खत होतं"! बाजारात सौम्य, हिरवी औषधंही मिळतात, पण तीसुद्धा रानात ओतायला दिलेली नसतात. कॅम्पसाइटवर यासाठी वेगळी जागा असते: खाली जाळी, बाजूला नळ, भिंतीवर कॅसेटचं चित्र. तिथं टाकी रिकामी करायची, धुवायची, औषध-पाणी घालून परत बसवायची. दहा मिनिटांचं काम. पहिल्या दिवशी मी नाकाला रुमाल बांधून गेलो, तर शेजारी एक सत्तरीच्या बाई शीळ वाजवत टाकी धुवत होत्या.

न्यूझीलंडनं तर याच गोष्टीवरून २०२३ मध्ये कायदा कडक केला: गाडीत पक्का बसवलेला संडास आणि तसं प्रमाणपत्र नसेल, तर नगरपालिकांच्या मोकळ्या जागांवर फुकट मुक्कामाची सवलत सहसा नाही. का, हे त्या मेसेजच्या लेखकासारख्या पाहुण्यांना विचारा.

"सहा बेडमध्ये सात माणसं" हा मुद्दा दिसायला विनोदी आहे, पण मला त्याचीच जास्त भीती वाटते. बेड किती यावर माणसं ठरत नाहीत, बेल्ट किती यावर ठरतात. सहा जण झोपू शकतील अशा काही गाड्यांत बेल्टच्या सीटा चारच असतात. उरलेले चालत्या गाडीत बेडवर लोळत जाणार? आपल्याकडं टेंपोच्या हौद्यात वऱ्हाड बसवतो तसं? जर्मनीत बारा वर्षांखालच्या आणि १५० सेंटिमीटरपेक्षा बुटक्या मुलाला त्याच्या मापाची वेगळी सीट लागते. नातवाला सुनेच्या मांडीवर घेऊन ऑटोबान हायवेवर जाता येणार नाही, आणि जाऊही नये.

वजनाचंही बघा. आपल्या कारच्या लायसन्सवर तिथं ३५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. मोठी मोटरहोम रिकामीच तीन हजाराच्या आसपास भरते. उरले चारशे-पाचशे किलो. सात माणसं सरासरी पासष्ट किलोची धरली तरी साडेचारशे झाली. शंभर लिटर पाण्याचे शंभर किलो वेगळे. आणि ताईनं ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकुटाचे डबे बांधायला घेतलेत, ते मी अजून मोजलेले नाहीत.

बुकिंगच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे. मान्य करायला जड जातंय, पण आहे. जर्मनीत श्टेलप्लाट्स म्हणून गाड्यांच्या मुक्कामाच्या जागा असतात, पुष्कळदा नगरपालिकेच्याच. बऱ्याच ठिकाणी बुकिंग नसतंच. आधी येईल त्याची जागा. काही स्वस्त, थोड्या फुकटही. फ्रान्समध्ये त्यांना एर म्हणतात, आणि तिथं द्राक्षमळेवाले, शेतकरीही सभासदांना एक रात्र गाडी लावू देतात. मे महिन्यात तिकडच्या शाळांच्या मोठ्या सुट्ट्या लागलेल्या नसतात, म्हणून आठवड्याच्या मधल्या वारी कॅम्पसाइटवरही आयत्या वेळी जागा मिळते. जुलै-ऑगस्ट सोडून आक्सी नावाच्या डच संस्थेच्या कार्डावर हजारो कॅम्पसाइट ठरावीक कमी दर लावतात. आम्हीही काही रात्री अशाच काढल्या. पण ईस्टर धरून चाळीसाव्या दिवसाचा गुरुवार आणि पन्नासाव्या दिवसाला लागून येणारा सोमवार या दोन्ही सुट्ट्या बहुधा मे महिन्यात किंवा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पडतात, आणि तेव्हा अर्धी जर्मनी चाकांवर असते. बोडनझे तलावाच्या काठी त्या गुरुवारी आम्हाला तीन ठिकाणी "भरलंय" ऐकावं लागलं.

आणि बुकिंग नसलं की पोचण्याची वेळ सांभाळावी लागते, हे कोणी सांगत नाही. चौथ्या जागी आम्ही एक वाजून दहा मिनिटांनी पोचलो. फाटक खाली. पाटीवर एक ते तीन विश्रांती. रिसेप्शनच्या काचेआड बाई बसलेल्या दिसत होत्या, आमच्याकडं बघतही होत्या, पण फाटक वर झालं ते तीनलाच. मग प्रश्न: किती माणसं, गाडी किती लांब, वीज हवी का? वीज हवीच होती. खांबाला निळा प्लग लावला, आईनं चहाची किटली लावली आणि खटका पडला. त्या जागेला सहा अँपिअरचीच वीज होती, म्हणजे जेमतेम १३८० वॅट, आणि किटली दोन हजारांची. खटक्याची पेटी कुलपात. गाडीतले दिवे बॅटरीवर, ते चालूच. पण चहा गेला. आई म्हणाली, "इथंबी लाईट जाती व्हय?" तेव्हापासून जागा विचारताना अँपिअर आधी विचारतो.

बीड-धारूरकडची ऊसतोड मंडळी दर वर्षी बिऱ्हाड गाडीवर घालून निघतात. कोपी कुठं टाकायची, पाणी कुठलं, हे त्यांचंही मुकादमाला विचारूनच ठरतं. चाकांवरचा संसार म्हणजे मोकाट संसार, ही समजूत आपली, त्यांची नाही.

पण दाजी, आपल्यासाठी खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती त्या मेसेजात औषधालाही नाही. आपला पासपोर्ट भारताचा. शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे या तिन्ही देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाच्या, अर्जासोबत मुक्कामाचा पुरावा द्यावा लागतो. "जिथं रात्र होईल तिथं" असं उत्तर घेऊन गेलात तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो. फी मोठ्या माणसाला ९० युरो, नाकारला तरी परत नाही. सहा जणांचे ५४० युरो, नातवाला वयामुळं माफी. कॅम्पसाइटचं बुकिंग हा मुक्कामाचा पुरावाच आहे, त्याचा कागद मेलवर येतो. एजंटाचा धंदा म्हणून ज्याला नावं ठेवली, तोच कागद तुम्हाला विमानात बसवणार आहे.

लायसन्स: नुसतं आपलं नेऊ नका. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. हजार रुपये, वर्षभर चालतो. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडला हायवेचा विन्येट, म्हणजे टोलचा पास, आधी घ्या. गाडीची उंची तीन मीटरच्या आसपास असते, ती काचेवर चिकटवून ठेवा, नाहीतर कुठल्यातरी पार्किंगच्या आडव्या पट्टीवर छप्पर ठेवून याल.

निम्मा खर्च? सात जणांना नियमात बसवायचं तर बहुधा दोन मोटरहोम लागतील. दोन भाडी, दोन डिपॉझिट, दुप्पट डिझेल. मोसमात एका जागेचे दोन माणसं, गाडी आणि वीज धरून तीस ते पन्नास युरो होतात. वरच्या प्रत्येक माणसाचे वेगळे, पर्यटन कर वेगळा. माझं ऐकाल तर नऊ सीटची व्हॅन घ्या, ती कारच्या लायसन्सवर चालते, आणि कॅम्पसाइटवरच्या लाकडी खोल्या घ्या. स्वयंपाकघर आत, तलाव समोर, आणि आप्पांना, म्हणजे दाजींच्या वडिलांना, रात्री शिडी चढून वरच्या बेडवर जायला नको.

हे सगळं ग्रुपवर टाकायच्या आधी दाजींना फोनवर वाचून दाखवलं. वजनाच्या हिशेबाला ताई मागून म्हणाली, "पीठ कमी होणार नाही." दाजी बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "बरं. ते खोल्याचं बघ. पण त्या खोलीला अँपिअर किती, ते आधी विचार."