ड्रोनला जमिनीखालचं सोनं दिसत नाही

गिरगाव-लालबागच्या गावकरी मंडळांच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: ‘ड्रोन उडवला की जमिनीखालचं सोनं स्क्रीनवर दिसतं. एका दिवसात अख्खा तालुका मोजून होतो. आता ड्रिलिंगची गरजच नाही. गावची जमीन विकू नका!’ जमिनीचं काय करायचं ते भाऊबंदांत ठरवा. बाकीचं मात्र धादांत चुकीचं आहे.

ड्रोन सोन्याचा फोटो काढत नाही. खनिजशोधात त्याला बहुधा मॅग्नेटोमीटर टांगलेला असतो आणि तो मोजतो पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र. आपल्याकडे ते साधारण ४३,००० नॅनोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). खालच्या खडकामुळे त्यात कधी शे-दोनशेचा, कधी जेमतेम दहा-वीसचा फरक पडतो. तो पाडतात मॅग्नेटाइटसारखी लोहयुक्त, चुंबकीय खनिजं. सोनं चुंबकीय नाही. फार तर ते ज्या भेगांत सापडू शकतं, त्यांचा अंदाज येतो. त्यात आपला काळा पत्थर, म्हणजे बेसाल्ट, स्वतःच चुंबकीय, बारीक खुणा सहज झाकून टाकणारा.

दहा-वीस नॅनोटेस्ला पकडायचे तर ड्रोनच्या मोटारीही आड येतात. म्हणून सेन्सर काही मीटर दोरीने खाली सोडतात, आणि तो हाताळणारा माणूस पट्ट्याचं लोखंडी बक्कलसुद्धा काढून ठेवतो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणूनच तर कुलाबा वेधशाळेतलं चुंबकीय निरीक्षण अलिबागला हलवावं लागलं होतं!

‘एका दिवसात तालुका’ हा साधा गुणाकार न केल्याचा परिणाम. ५० मीटर अंतराच्या रेषांवर उडायचं तर एका चौरस किलोमीटरला २० किलोमीटर उड्डाण. ५०० चौरस किलोमीटरच्या तालुक्याला १०,००० किलोमीटर. सेकंदाला १० मीटर वेग धरला तरी नुसते हवेतले तास होतात पावणेतीनशेच्या वर. बॅटरी अर्धा तास टिकली तरी नशीब, आणि पावसाळ्यात कोकणात काय उडवणार?

आता ड्रिलिंग. वरून सारखीच दिसणारी खूण उथळ, लहान खडकाचीही असू शकते आणि खोल, मोठ्या खडकाचीही. गणित दोन्ही उत्तरं देतं. शिवाय टनामागे किती ग्रॅम हे कळायला खडकाचा तुकडा प्रयोगशाळेतच जावा लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्रला ३,००० टन सोनं सापडल्याची बातमी देशभर गाजली. तिथे ड्रोनचा संबंध नव्हता, घाई मात्र हीच होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला: सुमारे ५२,८०६ टन खनिज, टनामागे ३.०३ ग्रॅम, म्हणजे जेमतेम १६० किलो सोनं.

ड्रोन कामाचा नाही असं मुळीच नाही. आटोपशीर आकाराच्या खनिजसाठ्यापासूनचं अंतर निम्मं झालं की त्याची चुंबकीय खूण जवळपास आठपट होते, आणि ड्रोन हेलिकॉप्टरपेक्षा बराच खाली, डोंगरउताराला धरून उडू शकतो. झाडी तोडून पायवाटा काढाव्या लागत नाहीत. भोकं कुठे पाडायची हे नेमकं कळलं की फुकट जाणारी भोकं कमी होतात, आणि खनिजशोधात खरा पैसा तिथेच जातो.

पुन्हा असा फॉरवर्ड आला तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: भोकं किती पाडली, आणि नमुन्यांचा अहवाल कुठे आहे?