खुलासा: ‘८ वर्षं झाली, सगळं उडवा’ हा मेसेज अर्धवट आहे

‘कंपनी कायद्याप्रमाणे ८ वर्षांनी जुन्या फायली, ईमेल सगळं नष्ट करता येतं’ असा मेसेज अकाउंट्सच्या ग्रुपवर फिरतोय. २०१३च्या कायद्याचं कलम १२८(५) हिशेबाच्या पुस्तकांपुरतं आणि त्यांच्या व्हाउचरांपुरतं आहे. सभांची इतिवृत्तं कायम जपायची असतात.

शिवाय वाद कोर्टात जाणार असं दिसलं, की मुदत संपलेल्या कागदालाही हात लावायचा नाही. कोर्टात दाखवावा लागू नये म्हणून ईमेल पुसला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घोळ बहुतेकदा ऑटो-डिलीटचा असतो: लीगलचं ‘जपून ठेवा’ पत्र सगळ्या विभागांना जातं, आयटीला सोडून! मेलबॉक्स आपला ९० दिवसांनी पुसतच राहतो. आधी ते सेटिंग थांबवा.

तो मेसेज पुढे ढकलू नका. ढकलला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.