पुढच्या रांगेतला गुरव

गेल्या जत्रेत, आमच्या गावच्या धयकाल्यात, म्हणजे दशावतारी नाटकात, संकासुराने ब्रह्मदेवाचे वेद चोरले आणि रद्दीवाल्याकडे किलोचा काय भाव लागेल याची चौकशी केली. दरवर्षी करतो तशीच. या वर्षी मात्र मागच्या बाजूने चार-पाच पोरं मोबाइल धरून उठली. सकाळी क्लिप गावच्या ग्रुपवर होती, आणि दुपारी दुसरा व्हिडिओ आला: रंग न उतरलेल्या चेहऱ्याचा संकासूर आणि शेजारी हात जोडून माफी मागणारे नाटक कंपनीचे मालक.

मी हे अथेन्समध्ये बसून पाहिलं. पिरेअस बंदरातल्या एका जहाज कंपनीत मी सुट्या भागांचे हिशेब बघतो, त्याला अकरा वर्षं झाली. ग्रुपवर मी लिहिलं की आपण लहानपणी याच कोटीवर लोळून हसायचो. त्यावर चुलतभावाचं उत्तर तयार होतं: "तू थंय रवतंस मां? मग बघ. ग्रीक लोकांनी आपल्या देवांची मस्करी केल्यानी, आता त्यांचे देव म्युझियमात तिकीट लावन उभे आसत. आमच्या देवांचा तसा होवक नको."

हा मुद्दा मी अनेकांकडून ऐकलाय. त्याची उलटी बाजूही ऐकलीय, पुण्यातल्या एका जुन्या मित्राकडून: ग्रीकांनी देवांना हसून उडवलं, म्हणून तिथे बुद्धी फुलली. दोघांची अथेन्सला येण्याची तयारी नाही, पण अथेन्सचा दाखला दोघांनाही हवा असतो.

मस्करी केली, हे खरंच आहे. इ.स.पू. 405 मध्ये डायोनिसस या मद्याच्या देवाच्याच उत्सवात ॲरिस्टोफेनिसचं 'बेडूक' हे नाटक झालं. नायक खुद्द डायोनिसस. हेराक्लीस या वीरासारखं सिंहाचं कातडं पांघरून तो पाताळात निघतो, वाटेत भीतीने धोतर खराब करतो (आमच्या संकासुराचीही इथवर मजल जात नाही), संकट आलं की नोकराशी कपड्यांची अदलाबदल करतो. शेवटी दोघांत देव कोण हे ठरवायला दोघांनाही फटके मारले जातात. आणि राक्षसीण दिसल्यावर हा देव कुठे धावतो? पुढच्या रांगेत बसलेल्या स्वतःच्या पुजाऱ्याकडे. मला वाचव, मग मिळून पिऊ! म्हणजे डायोनिससचा गुरव मानाच्या जागी बसून हे सगळं बघत होता. नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं.

आता चुलतभावाचा हिशेब बघू. देवळात जाण्यावर आणि बळी देण्यावर बादशहा थिओडोसियसने बंदी घातली ती इ.स. 391 आणि 392 च्या फर्मानांनी. विनोदाने देव मरतो म्हणावं, तर 'बेडूक' पाहिल्यावर डायोनिसस जवळजवळ आठशे वर्षं धडधाकट होता. त्याच्या उत्सवांना, द्राक्षांना, मिरवणुकांना काही झालं नाही. ग्रीक देव संग्रहालयात गेले ते नव्या धर्माच्या राजसत्तेने देवळं बंद केल्यावर. पार्थेनॉनचं आधी चर्च झालं, मग मशीद झाली, आणि 1687 मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्याने आत साठवलेली तुर्कांची दारू उडाली. यात कुठल्याच नाटकवाल्याचा हात नव्हता.

पण पुण्याच्या मित्राचंही मी ऐकणार नाही. याच शहराने, 'बेडूक'नंतर सहाच वर्षांनी, सॉक्रेटिसला विष पाजलं. आरोप काय, तर नगर ज्या देवांना मानतं त्यांना हा मानत नाही. त्याआधी, इ.स.पू. 415 मध्ये, सिसिलीवर आरमार निघायच्या तोंडाला एका सकाळी लोक उठले तर रस्तोरस्तीचे हर्मीस देवाचे दगडी खांब विद्रूप केलेले. शहर हादरलं. खबऱ्यांना इनामं लागली, माणसं पकडली गेली, काहींना ठार केलं. चौकशीत निघालं की श्रीमंतांच्या पोरांनी दारूच्या बैठकीत अथेन्सजवळच्या एल्युसिस या देवस्थानाच्या गुप्त विधींची नक्कल केली होती. त्यात अल्सिबायडीसचं नाव आलं. मोहिमेच्या तीन सेनापतींपैकी एक तो. त्याला अर्ध्यातून परत बोलावलं, तो शत्रूकडे, स्पार्टाला पळाला, मागे त्याला देहदंड ठोठावला गेला.

मग फरक कशात होता? डायोनिससची पँट ओली झाली तर बक्षीस, आणि एल्युसिसची नक्कल केली तर मरण. माझ्या समजुतीप्रमाणे अथेन्सवाले कथा सैल धरायचे आणि कर्म घट्ट. त्यांच्याकडे पोथी नव्हती. देवांच्या गोष्टी कवींच्या, आणि कवी दर वेळी वेगळं सांगणार. हेलन ट्रॉयला गेलीच नाही, गेली ती तिची छाया, असंही एक कवी सांगून गेला, आणि युरिपिडीसने त्यावर नाटक केलं. (आपल्याकडे अध्यात्म रामायणातली छायासीता आठवते.) कोणी तक्रार केली नाही. पण बळीच्या जनावरावर पाणी शिंपडायचं आणि त्याने अंग झाडेपर्यंत थांबायचं, यात सूट नाही असं म्हणतात. हे वाचताना मला अर्थातच आमच्या जत्रेतला बोकड दिसला. आणि एल्युसिसची देवाची जमीन खंडाने द्यायची की नाही हे ठरवायला इ.स.पू. 352 च्या सुमारास त्यांनी काय केलं, तर दोन कथलाचे पत्रे लिहून, लोकरीत गुंडाळून, एक सोन्याच्या आणि एक चांदीच्या घड्यात घातला, आणि कुठला उघडायचा ते डेल्फीच्या देवाला विचारलं. कौल लावला, दुसरं काय!

सॉक्रेटिस या सूत्रात नीट बसत नाही, हे कबूल. त्याचा गुन्हा कर्माचा नव्हता. पण तेव्हा अथेन्स युद्ध हरलं होतं, हुकूमशहांच्या राजवटीत शेकडो माणसं मेली होती. 415 मध्येही शहर घाबरलेलंच होतं. घाबरलेल्या गावाला देवाचा अपमान लवकर दिसतो.

आमचं गाव नेमकं उलटीकडे निघालंय असं मला वाटतं. कर्माच्या बाबतीत आम्ही सगळं चालवून घेतो. पालखीपुढे डीजे चालतो, गाऱ्हाणं घालायला वेळ नसतो म्हणून ते आटोपतं घेतलं जातं, नवस फेडायचा तर पैसे मोबाइलवरून. मीही तसेच फेडतो. ताण फक्त कथेवर. तिच्यात अक्षर इकडचं तिकडे झालेलं खपत नाही. ज्या विठोबाला जनाबाईने 'विठ्या' म्हणून शिव्या दिल्या त्याच्याच मुलखात!

इथलं सगळं गोड आहे असंही नाही. 2012 मध्ये एका वारलेल्या साधूचं नाव पास्तित्सिओ या मॅकरोनीच्या पदार्थावरून बिघडवून फेसबुकवर थट्टा करणाऱ्या तरुणाला इथे अटक झाली, 2014 मध्ये दहा महिन्यांची निलंबित शिक्षाही झाली. ईश्वरनिंदेचा कायदा ग्रीसने काढला तो 2019 मध्ये. शेजारच्या आजी दर रविवारी पास्तित्सिओ करतात, मलाही देतात, पण त्या साधूचा विषय काढला की त्यांचं तोंड आजही लहान होतं. आपलं 1927 चं 295अ, धार्मिक भावना दुखावण्याचं कलम, आता न्याय संहितेचं 299 झालंय. आणि खरं सांगायचं तर ग्रीसची गोष्ट वेगळी आहे, इथे बहुतेक सगळे एकाच चर्चचे. मिश्र वस्तीच्या गावात दुसऱ्याच्या देवावर केलेला विनोद कुठवर पेटतो हे मला माहीत आहे. तो धोका खरा आहे. पण संकासूर दुसऱ्याच्या देवावर बोलत नव्हता.

गेल्या रविवारी ॲक्रोपोलिसच्या उतारावरच्या डायोनिससच्या रंगमंचावर गेलो होतो. पहिल्या रांगेच्या मध्यावर पुजाऱ्याची संगमरवरी खुर्ची अजून आहे. नंतरच्या काळातली, झिजलेली, पण नावानिशी कोरलेली. तिचा फोटो काढून चुलतभावाला पाठवला आणि विचारलं: त्या रात्री पुढच्या खुर्च्यांवर आपले मानकरी होते ना? गावकरांनी काय केलं?

दोन दिवस निळी खूण होती, उत्तर नव्हतं. काल आलं.

"गावकर? ते तर सगळ्यांच्या आदी हसले."