तळपायाच्या पॅडमधून शिसं बाहेर येत नाही हो

"घरातलं विष ७ दिवसांत शरीराबाहेर" हा फॉरवर्ड परत फिरतोय. रंग, धूळ, प्लास्टिक यातून शिसं-पारा अंगात जातो, म्हणून रात्री तळपायाला डिटॉक्स पॅड लावा, सकाळी पॅड काळा झाला म्हणजे विष निघालं. आमच्या वहिनीने लगेच मागवले, आणि वर म्हणते, मग बाळाची रक्त तपासणी आता कशाला? डॉक्टरांनी भिंतीच्या जुन्या रंगाचे पोपडे निघतायत म्हणून सांगितलेली तपासणी! आता गप्प बसवत नाही.

तर तो काळा रंग. पॅडमध्ये लाकडाच्या व्हिनेगरची पावडर असते, ती ओली झाली की काळपट होते. पायाला न लावता नुसती वाफ दाखवा, तरी काळीच होणार, मग काय किटलीला पण विषबाधा झालीये? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (फसव्या जाहिरातींवर कारवाई करणारी सरकारी संस्था) २००९ मध्ये असे पॅड विकणाऱ्यांवर खोट्या दाव्यांसाठी केस टाकली होती. मुळात शिसं बाहेर पडतं ते मुख्यतः लघवीतून आणि पित्तावाटे, आणि बरंचसं तर हाडात जाऊन बसतं, तिथे वर्षानुवर्षं राहतं, गरोदरपणात तिथून परत रक्तात येतं. ते एका रात्रीत तळपायातून कुठून येणार?

फॉरवर्डमधलं "लक्षणं नाहीत तर काळजी नको" हे सगळ्यात घातक. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी पातळी माहीतच नाही, आणि लहान मुलं पोटात गेलेलं शिसं मोठ्यांच्या ४-५ पट शोषतात. मूल हसत-खेळत असतं आणि मेंदूवर परिणाम चालू असतो. त्यांच्याच २०२१ च्या गाइडलाइनप्रमाणे रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त निघालं तर शिसं येतंय कुठून ते शोधून थांबवायचं. आणि ते कळतं रक्तातूनच, पॅड बघून नाही.

त्यातच म्हणे, घरात झाडांच्या कुंड्या ठेवून हवा शुद्ध होते. त्यासाठी नासाचा जो १९८९ चा झाडांचा प्रयोग सांगतात, तो बंद पेटीतला होता, खोलीतला नाही. पुढे.

प्लास्टिकच्या डब्यात जेवण गरम करू नका, हे फॉरवर्डमधलं मात्र बरोबर आहे, मान्य. जुन्या रंगात शिसं असू शकतं हेही खरंच. पण मग उपाय तिथेच करा ना, पोपडे कोरडे खरवडू नका, पॉलिशपेपर मारू नका, धूळ ओल्या फडक्याने पुसा, मुलांचे हात धुवा. आणि वहिनी, तपासणी उद्याच.